तिमजली घोडा

लव्हर्न टेशचं डावं पाऊल नोव्हेंबरात भाजलं, आणि बावीस वर्षांची दोस्ती त्याच पाण्यात गेली. पाऊल नाताळपर्यंत बरं झालं.

लव्हर्न आणि समोरच्या घरातला नॉर्ब ग्लोडोव्स्की दर दीड महिन्यानं लव्हर्नच्या गॅरेजात बिअर करायचे. त्यांच्या मॅनिटोवॉक गावात यात नवल काही नाही. तिथं निम्म्या घरांची गाडी बाहेर बर्फात कुडकुडत असते आणि गॅरेजात कुणीतरी काहीतरी उकळत बसलेलं असतं. पाणी तापवायचं, ते भरडलेल्या माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूवर, सोडायचं, निथळलेलं गोड पाणी तिसऱ्या पिंपात घेऊन हॉप्सची फुलं घालून उकळायचं, निववायचं, काचेच्या बुधल्यात भरून तळघरात आंबायला ठेवायचं. सांगायला सोपं आहे. करायला मात्र प्रत्येक पायरीला दोन माणसं लागतात, कारण दर वेळी कढत पिंप उचलायचं असतं. एक कान याच्या हातात, दुसरा त्याच्या.

त्या शनिवारी एक कान सुटला आणि पाणी लव्हर्नच्या पावलावर आलं.

"सोडलंस ना!" लव्हर्न ओरडला.

"मी? अरे, तू सोडलंस!" नॉर्ब ओरडला.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण डिसेंबरात त्यांच्या बिअरवाल्या मंडळाची बैठक भरली, नेहमीप्रमाणे बारच्या मागच्या खोलीत. लव्हर्न लंगडत आत आला आणि नॉर्बच्या जिभेला हाड नाही. "या, या," तो म्हणाला. "लव्हर्न आता पाणी किती तापलंय ते पायानं बघतो." खोलीभर हशा पिकला. लव्हर्न बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "मंडळाच्या जूनच्या सहलीला मी बॉक बिअर आणतो. एकट्यानं केलेली. कुणाचा हात न लागता. नाही आणली तर तिन्ही पिंपं नॉर्बची."

आता ही पिंपं दोघांनी मिळून जमवलेली, दोघांनी मिळून वरची झाकणं कापलेली, नॉर्बनं त्यांना डाक देऊन तोट्या बसवलेल्या. पण ठेवलेली लव्हर्नकडे, म्हणून ती लव्हर्नची असं सगळे धरून चालत. पिंपं गेली तर सत्तरीला टेकलेला माणूस नव्यानं काय जमवणार? म्हणजे जून महिन्यात एक तर लव्हर्नची बिअर असणार होती, नाहीतर लव्हर्नचं बिअर करणं कायमचं संपणार होतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. नॉर्ब म्हणाला, "चालेल," आणि चीजचा तुकडा तोंडात टाकला.

घरी आल्यावर त्याची बायको आर्डिस म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून आलास."

"मला पिंप उचलायचंच नाही," लव्हर्न म्हणाला. "पाणी आपोआप खाली येतं की नाही? मग येऊ दे."

युक्ती नवी नव्हती. पिंपं ठेवायला लोखंडाचा उंच घोडा करायचा, तीन मजल्यांचा. वर पाण्याचं पिंप, मध्ये माल्टचं, खाली उकळायचं. तोटी सोडली की वरचं मधल्यात आणि मधलं खालच्यात उतरतं, माणसानं नुसतं बघत उभं राहायचं. असा घोडा तयार मिळतो, पण त्याची किंमत ऐकून लव्हर्ननं दुकानदाराला विचारलं होतं की यात बिअर भरलेली मिळते का. तो घरीच करणार होता, आणि तोही फुकटात किंवा त्याच्या आसपास.

त्या गावात फुकटचं लोखंड म्हणजे पलंगाच्या चौकटी. कुणी नवा पलंग घेतला की जुन्याची चौकट रस्त्याच्या कडेला येते, आणि चौकटीचा तो कोनाचा लोखंडी पट्टा अंगानं मोठा दणकट असतो. लव्हर्ननं जानेवारीभर कचरा उचलायच्या आदल्या दिवशी गाडी हळूहळू चालवत सहा चौकटी गोळा केल्या. एक सातवी आर्डिसनं माहेरून आणलेल्या पलंगाची होती, ती विचारून घेतली. दोन शेगड्या टर्की तळायच्या चुलींच्या, जावयानं एकदाच वापरून टाकून दिलेल्या.

चौकटीचं पोलाद इतकं कडक की भोक पाडताना ड्रिलची टोकं खडूसारखी मोडत. बावीस टोकं मोडली. त्याच पैशात विकतचा अर्धा घोडा आला असता, पण हे लव्हर्नला कुणी सांगायचं? वेल्डिंग केलं असतं तर भोकंच लागली नसती. वेल्डिंग नॉर्बला येत होतं. लव्हर्ननं सगळं नटबोल्टांवर जोडलं.

आणि हे सगळं गॅरेजचं दार बंद करून. एरवी त्या गल्लीत थंडी जरा हटली की दारं वर जातात, लोक गॅरेजच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून बसतात, समोरच्याला हात करतात. नॉर्बची खुर्ची बरोबर समोर. त्याला एक बोल्टही दिसू द्यायचा नाही असा लव्हर्नचा पण. बाहेर जायचं तर तो स्वयंपाकघरातून जाई. तीन महिने ते दार इंचभर वर गेलं नाही.

मापात माणूस पक्का होता. चौतीस वर्षं क्रेनच्या कारखान्यात पत्र्यावर आखणी केलेली, आर्डिसनं केक कापला तरी हा मनात कोन मोजायचा. खालच्या पिंपाखाली बुधला राहिला पाहिजे, मधल्याची तोटी खालच्याच्या काठावर आली पाहिजे, वरच्याची मधल्याच्या. सगळी बेरीज केली, छत मोजलं, वर तीन इंच उरत होते. घोडा उभा राहिला तेव्हा त्यानं लांब राहून बघितला, जवळ जाऊन हलवून बघितला. हलला नाही. त्या दिवशी तो फार खूश होता, हे आर्डिसला जेवताना कळलं, कारण त्यानं तिच्या बहिणीची चौकशी केली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी पहिली खेप. गॅस पेटवायचा म्हणजे दार उघडं हवं, बंद गॅरेजात शेगडी लावणं म्हणजे सरळ वर जायचं तिकीट. लव्हर्ननं पिंपं चढवली, तीही रिकामी, एकेक, शिडीवरून, कुणाचा हात न लागता. मग भिंतीवरचं बटण दाबलं.

गॅरेजचं दार वर जातं ते हवेत विरघळत नाही. ते वळतं आणि छताखाली आडवं होतं. हे लव्हर्नला ठाऊक होतं. तेहतीस वर्षं तो हे दार वापरत होता. पण तीन महिने त्यानं छत बघितलं होतं ते बंद दाराचं.

दार घरघरत वर आलं, वळलं आणि त्याच्या कडेनं वरच्या पिंपाला असा काही धक्का दिला की पिंप मधल्या पिंपावर, तिथून शेगडीवर, तिथून सिमेंटवर घंटा वाजवत गडगडत बाहेर रस्त्याकडे निघालं. उतारावर थांबलं. समोर, आपल्या गॅरेजच्या तोंडाशी, कोट घालून नॉर्ब खुर्चीत बसला होता.

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो उठला, खुर्ची मिटली आणि आत गेला.

आर्डिस आवाज ऐकून आली. तिनं घोड्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "दार बंद ठेवून मोजलंस," ती म्हणाली.

"हो."

"नॉर्बला दिसू नये म्हणून."

लव्हर्न पिंप आणायला रस्त्यावर गेला. परत आला तेव्हा ती अजून तिथंच उभी होती आणि तोंडावर हात धरून हसत होती. "हस, हस," तो म्हणाला, "तुझ्या माहेरचं लोखंड आहे."

घोड्याचे पाय दहा इंच कापणं हाच एक उपाय. कापले. दार आता सुखानं वरून जात होतं, पण तळाच्या पिंपाखाली बुधला मावेना, आणि बुधला खाली मावत नाही म्हणजे शेवटी भरलेलं पिंप उचलून ओतायचं, म्हणजे पुन्हा दोन माणसं. लव्हर्ननं दोन दिवस बुधला आडवा, तिरका, सगळ्या तऱ्हांनी खाली घालून बघितला. त्याला पराभवाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट आत टोचत होती. घोडा कापताना दर दोन मिनिटांनी त्यानं मान वर करून "धर रे" म्हणायला तोंड उघडलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याला तळघर सुचलं. गॅरेजातून एक दार सरळ तळघराच्या जिन्यावर उघडतं. पूर्वी दोघं पिंप उचलून त्या जिन्याच्या तोंडाशी नेत आणि बुधला तळघरातच भरत. मग पिंप घोड्यावरच ठेवून नळी लांब घेतली तर? निवलेलं गोड पाणी नळीनं पंधरा पायऱ्या उतरून जाईल. पाण्याला काय, उतार हवा.

पण कुठं घोडं पेंड खातं ते बघा. तोटी वर, बुधला खाली, आणि तोटीपाशी उभ्या माणसाला बुधला दिसत नाही. नळी बुधल्याच्या गळ्यात कुणीतरी धरायला हवी, आणि भरत आला की ओरडायला हवं. पाणी आपोआप उतरतं, आपोआप थांबत नाही. पूर्वी हे काम नॉर्बचं. तो खाली बुधल्याशी बसायचा, लव्हर्न वर नळीच्या तोंडाशी, आणि नॉर्ब दर वेळी उशिरा ओरडायचा. बावीस वर्षांत एकदाही वेळेवर ओरडला नाही. तळघरातल्या फरशीवर त्या जागी चिकट डाग कायमचा होता.

"तू धरशील?" लव्हर्ननं आर्डिसला विचारलं.

"कुणाचा हात लावायचा नव्हता ना? माझा काय हात नाही?"

"बायकोचा धरत नाहीत."

"कोण धरत नाही?" ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं. पण मला त्यातलं काही कळत नाही, आधीच सांगते."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दार उघडलं. घोडा जागचा हलला नाही. लव्हर्ननं बागेच्या नळीनं वरचं पिंप भरलं, शेगडी पेटवली, तासाभरानं तोटी सोडली. पाणी माल्टवर उतरलं, माल्टमधून तपकिरी होऊन निथळलं, खालच्या पिंपात आलं. लव्हर्न शिडीवर उभा राहून बघत होता. काहीही उचलायचं नव्हतं. हातांना काम नव्हतं आणि बोलायला कुणी नव्हतं. सहा तास चालणारं काम पूर्वी कधी संपायचं ते कळायचं नाही, ते आज त्याला चांगलंच कळत होतं. समोरचं गॅरेज बंद होतं. नॉर्बची खुर्ची नव्हती.

उकळून झालं, तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी खेळवून सगळं निववलं. त्यानं नळी जिन्यावरून खाली सोडली आणि दाराशी तोंड नेऊन ओरडला, "आर्डिस! सोडतोय!"

खालून नळी दोनदा ओढली गेली. त्यानं तोटी सोडली.

"किती झालं?" तो थोड्या वेळानं ओरडला. उत्तर नाही. "आर्डिस, अर्धा झाला का?" खालून फक्त पाण्याचा आवाज. पिंपातला फेस खाली जात होता. लव्हर्नचा हात तोटीवर होता आणि तो मनात आकडे धरत होता, आणि आकडे सांगत होते की आता बंद करावं, आणि तो करत नव्हता, कारण ओरडल्याशिवाय बंद करायची त्याला सवयच नव्हती.

"बस! बस, बस, बस! अरे बंद कर, लेका!"

लव्हर्ननं तोटी बंद केली. आवाज आर्डिसचा नव्हता. खाली फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला, मग एक शिवी.

तो कठडा धरून जिना उतरला. बुधला गळ्यापर्यंत भरून वाहिला होता. शेजारी पालथ्या बादलीवर नॉर्ब बसला होता, दोन्ही मोजे भिजलेले. आर्डिस कपडे धुवायच्या यंत्राला टेकून उभी होती. "मला त्यातलं काही कळत नाही म्हणाले होते, म्हणून कळणाऱ्याला स्वयंपाकघरातून खाली आणलं," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

दोघांनी बुधल्याकडे बघितलं. रंग चांगला आला होता.

"तुझा हात लागला," लव्हर्न म्हणाला. "मी एकट्यानं केली नाही. पिंपं तुझी."

"आणि नेऊ कशी?" नॉर्बनं मोजा काढून पिळला. "दुसरा कान कोण धरणार?"

लव्हर्ननं दोरीवरचं फडकं ओढलं आणि फरशी पुसायला गुडघ्यांवर बसला. बसताना बऱ्या झालेल्या पावलाची कातडी अजून जरा ओढली जात होती. पुसता पुसता, मान वर न करता तो म्हणाला, "नॉर्ब, त्या दिवशी कान मी आधी सोडला होता."

"ठाऊक आहे," नॉर्ब म्हणाला. "दुसरा माझ्या हातात होता की."

मग त्यानंही एक फडकं घेतलं, आणि दोघांनी मिळून बुधला भिंतीकडे सरकवला.