एकिनेशियाचा वाफा

एकिनेशियाला पेरल्या वर्षी सहसा फूल येत नाही. मी ते वर्ष नुसत्या पानांवर काढलं. पाणी बेतानं दिलं, थंडीत पानं वाळली तरी मुळांना हात लावला नाही. यंदा अकरा कळ्या धरल्या होत्या.

सकाळी देवासमोरून उठले आणि खिडकीतून पाहिलं, तर थोरल्या जाऊबाई वाफा खणत होत्या. माझं रोज दहापर्यंत मौन असतं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, जोरजोरात मान हलवली.

"काय गं? तोंडानं बोल की!" त्या हसल्या आणि हात सोडवून पुन्हा खणू लागल्या. "इथं ऊन छान येतं. कपडे वाळत घालायला खांब रोवून दोरी बांधते."

एक शब्द पुरला असता. तो मी गिळला. लांब मुळं तुटून वर आली. अशी मुळं तुटलेली झाडं पुन्हा लावली तरी जगणं कठीण.

दहा वाजता मी विचारलं, "ताई, असं का केलंत?"

"अगं, नको म्हणाली असतीस तर थांबले असते!"

बारा वर्षं आम्ही एकाच स्वयंपाकघरात वावरतोय. मी किती वाजेपर्यंत बोलत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.