मागाहून उगवणारा बाण

हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. उरलेली माणसं भिंतीला टेकून पडद्याकडे डोळे लावून उभी होती. पडद्यावर वर्षभराचा शेअर बाजार सरकत होता. भाव तळाला गेला की तिथे नेमका हिरवा बाण, म्हणजे घ्या; शिखरावर गेला की लाल, म्हणजे विका. एकही चूक नाही, आणि कोपऱ्यात वर्षभराच्या नफ्याचा आकडा फुगत चाललेला. पुढच्या रांगेत कुणीतरी चक्क हात जोडले.

"बाण चुकत नाही," बाणवाले सर म्हणाले. "चुकता तुम्ही, कारण तुम्ही विचार करता. विचार माझ्या स्क्रिप्टवर सोडा. खरेदी-विक्री ती आपोआप करेल, तुम्ही नातवंडं खेळवा."

शेवटच्या रांगेत धाकटीने जांभई दाबली. अशा स्क्रिप्ट, म्हणजे सौदे करणारे छोटे संगणक-प्रोग्राम, लिहून देणं हाच तिचा धंदा. 'कधीच न चुकणारी द्या' म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी यायचंच, आणि त्याला नाही म्हणायचाही तिला आता कंटाळा आला होता. पण शेजारी तिचा मोठा भाऊ, दादा, बसला होता, आणि दादा या बाणांच्या भरवशावर सोमवारी नोकरीचा राजीनामा देणार होता.

दादा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर. तासातासाला पाण्याचा दाब बघून रीडिंग लिहिण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. वहिनीने धाकटीला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की माझं तर ऐकत नाहीत, तुझं ऐकतात का बघ. दादाने तिचंही ऐकलं नव्हतं. "तुझ्या स्क्रिप्ट चुकतात, म्हणून याची चुकत नाही हे तुला बघवत नाही," असं तो वाटेतच म्हणाला होता.

चहाची सुट्टी झाली. बाजार चालू होता आणि दादाच्या लॅपटॉपवर सरांनी नमुना म्हणून दिलेली स्क्रिप्टही.

"वाद नको," धाकटी म्हणाली. "दर पाच मिनिटांनी भावाची नवी कॅन्डल, ती उभी पट्टी, उमटते ना? प्रत्येक उमटली की स्क्रीनचा फोटो काढ. मी हातसुद्धा लावत नाही."

सुट्टी संपून सरांचं पुन्हा सुरू झालं, तरी दादा फोटो काढतच होता. भाव उतरला, आणखी उतरला, मग सावरून चढू लागला. चांगला वर आल्यावर पार तळाशी हिरवा बाण उगवला. दादाने तिला कोपर मारलं.

"बघ. बरोब्बर तळाला."

"आला कधी?"

"आत्ता."

"आणि दाखवतोय कुठे?"

दादाने मोबाइल उघडला. भाव तळाला होता तेव्हाच्या फोटोत बाण नव्हता. पुढच्यात नव्हता, त्याच्या पुढच्यातही नव्हता. उलट मधल्या एका फोटोत लाल बाण होता, तो आता स्क्रीनवरून गायब झाला होता.

दादाने फोटो पुन्हा पहिल्यापासून चाळले. त्याच्या पंपघरात एक जण पाळीभर झोपायचा आणि उठल्यावर सगळी रीडिंग एकदम भरायचा. आकडे कसे सुबक. पंप जळाला त्या तासालाही त्याच्या वहीत दाब ठणठणीत होता.

"हे मागाहून भरलेलं रीडिंग आहे," दादा म्हणाला, आणि उभा राहिला. "सर, बाण येतो तेव्हाचा भाव आणि बाण दाखवतो तो भाव, वेगळे कसे?"

"काका, श्रद्धा ठेवा. शंकेने बाण बोथट होतो."

लोक हसले. मग धाकटीला उठावंच लागलं. शाळेत रोज तोच धडा शिकवावा तशा आवाजात तिने सांगितलं: भाव वळेपर्यंत स्क्रिप्ट थांबते, वळला की बाण मागे नेऊन ठेवते, आणि चुकलेले बाण गुपचूप पुसते. आपोआप होणाऱ्या सौद्यांचा वर्षभराचा नफाही अशाच बाणांवर मोजलाय. उद्या खरे सौदे करायला बसाल तेव्हा तळ मागे गेलेला असेल.

दोघाचौघांनी मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनी माना पुन्हा पडद्याकडे वळवल्या. धाकटीला त्याचंही नवल वाटलं नाही.

बाहेर येऊन दादाने पंपघरात फोन लावला. सोमवारची दुपारची पाळी माझीच ठेव, म्हणाला.

चमत्कार दाखवणारा कुणी भेटलाच, तर तो घडताना दाखव म्हणावं. घडून गेलेलाच दाखवत असेल, तर उठून आपल्या कामाला लागावं.