अठ्ठेचाळीस गाठींचा धनी

नंदा वाघमारेच्या करारात आता अकरा दिवस उरले होते. तीन वर्षं ती हायडेलबर्गच्या एका संशोधन प्रकल्पात एकाच जुन्या खटल्याचे कागद उपसत होती. नवरा केतन वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात. दर शुक्रवारी चार-चार तास रेल्वेत काढून तिकडे जायचं, सोमवारी परत यायचं. हल्ली तर गाडी लेट आहे म्हटलं, तरी तिला राग यायचा नाही. बाकावर टेकायला मिळतंय, एवढंच वाटायचं.

खटला १७५७ सालचा. युद्धाचे दिवस होते. कोकणातून माल घेऊन निघालेलं जहाज वाटेत, शत्रूचा माल लुटायचा सरकारी परवाना असलेल्या लुटारूंनी पकडलं. माल शत्रूच्या प्रजेचा निघाला तर तो पकडणाऱ्याचा, नाहीतर मालकाला परत, असा कायदा. माल कुणाचा यावर समुद्री न्यायालयात सहा वर्षं वाद चालला. टेसमर नावाच्या हाम्बुर्गच्या व्यापाऱ्याने शपथेवर सांगितलं, निळ्या कापडाच्या अठ्ठेचाळीस गाठी माझ्याच. त्या त्याला मिळाल्या. प्रकल्पाचे प्रमुख प्रोफेसर ब्रिंकमान यांनी यावरच प्रदर्शन उभं केलं होतं. ‘टेसमरला अखेर न्याय’ असा फलक छापूनही आला होता.

आणि आता, सगळं आवरायच्या वेळी, अभिलेखागाराकडून शेवटच्या पुडक्याचे स्कॅन आले. त्यातल्या एका पत्रावर न्यायालयाच्या कारकुनाने शेरा मारला होता: ‘लिपी अज्ञात. खटल्याशी संबंध नाही.’

नंदाने पत्र मोठं करून पाहिलं. मोडी होती.

तिचे वडील राजानंद साताऱ्याला भूमी अभिलेखात नोकरीला होते. महार वतनाच्या जमिनींचे मोडी कागद वाचणारं कुणी नाही, म्हणून लोकांचे अर्ज पडून राहायचे. तेव्हा ते स्वतःच मोडी शिकले आणि लेकीलाही शिकवली. नंदाने त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

“जय भीम, बाबा. एवढी एक ओळ बघा ना. ‘माल आमचा, जखम आमची’... असं कसं असेल?”

राजानंदांनी चष्मा वर-खाली केला. “अगं, जखम नव्हे. जोखीम. ‘माल आमचा, जोखीम आमची. विक्री होई तों धनी आम्हीच.’ साफ लिहिलंय. कोण हा?”

“राजापूरचा बाळशेट म्हणून कुणी. टेसमर नुसता विकून देणारा होता, बाबा. मालक हा.”

“मग कोर्टात कुणी सांगितलं नाही?”

“वाचलंच नाही कुणी.”

राजानंदांनी ती ओळ परत एकदा वाचली. मग म्हणाले, “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी ती ब्रिंकमानांसमोर बसली. त्यांनी भाषांतर दोनदा वाचलं.

“बरं, फ्राउ वाघमारे, पत्र महत्त्वाचं आहे. पण ते याच गाठींबद्दल आहे कशावरून?”

नंदाने न्यायालयाने केलेली मालाची यादी पुढे सरकवली. गाठींवरची खूण कारकुनाने तिथे जशीच्या तशी गिरवली होती. टेसमरने ती आपल्या पेढीचा नांगर म्हणून सांगितली होती.

“नांगर नाही हा. मोडीतला ‘बा’ आहे. पत्राखालीही हाच आहे.”

ब्रिंकमानांनी दोन्ही कागद शेजारी धरले. मग चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले दिसले. “फलक छापून झाला. दहा दिवसांत उद्घाटन आहे. पुढच्या लेखात तळटीप देऊ.”

“मग प्रदर्शनाच्या श्रेयनामावलीतलं माझं नाव काढा,” नंदा म्हणाली. आवाज चढवण्याइतकी ताकदच नव्हती तिच्यात. “न्याय मिळाला असं लिहिलेल्या भिंतीवर मला माझं नाव नको.”

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मेल आली: फलक बदलता येणार नाही, पण ‘न्याय’ हा शब्द झाकू, शेजारी पत्र लावू. साठ शब्दांचा मजकूर द्या. नंदाने तो पाच वेळा लिहिला. प्रत्येक वेळी पहिला शब्द बाळशेटच होता.

शेवटच्या दिवशी केतन सामान न्यायला गाडी घेऊन आला. जाता जाता तिने त्याला ते दाखवलं. फलकावर पांढरी पट्टी, शेजारी पत्र, खाली तळहाताएवढं कार्ड. ब्रिंकमान तिथेच होते. हात मिळवत म्हणाले, “करार वाढवता आला नाही. वाईट वाटतं.”

“हो, कळतं मला,” नंदा म्हणाली. त्यांचं वाईट वाटणं खरं होतं, हेही तिला दिसलं.

बाहेर आल्यावर केतनने विचारलं, “म्हणजे त्या बाळशेटला शेवटपर्यंत कळलंच नाही, माल कुठे गेला ते?”

“कोण कळवणार? वाट बघितली असेल बिचाऱ्याने चार-पाच वर्षं. मग सोडून दिलं असेल.”

केतनने डिकीत पुस्तकांची खोकी रचली. नंदा पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, आणि गाडी महामार्गाला लागायच्या आत तिला झोप लागली.