पुढच्या काचेवरची निळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. जुनी म्हणायची एवढेच, माझे वय तसे फार नाही. विजेवर चालणाऱ्या एका गाडीची मी पुढची काच होते. आता एका वर्कशॉपच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी झिजलेले टायर आहेत आणि एक चेपलेला बंपर. खालपासून वरपर्यंत मला तडा गेला आहे. दुखते का, असे विचाराल तर नाही. काचेला दुखत नाही.

मी दिसायला एक असले तरी खरे तर दोन काचा आहे. दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये एक चिवट, पारदर्शक पडदा. उद्या मी फुटले तरी माझे तुकडे आत बसलेल्यांच्या अंगावर उडू नयेत म्हणून ही योजना. फुटायचे, पण सांडायचे नाही, अशी आम्हाला भट्टीपासूनच शिस्त असते. त्यातून माझा पडदा आवाज अडवणारा होता. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडून जातात. विजेच्या गाडीला घरघरच नाही, त्यामुळे वाऱ्याची शिट्टीसुद्धा कानाला लागते. म्हणून आम्हाला जास्त शांत बनवतात, आणि त्या शांततेचे पैसे लावतात. माझ्या माथ्याशी, आरशाच्या मागे, एक छोटा कॅमेराही होता. तो माझ्यातून रस्ता बघायचा आणि गाडीला कळवायचा. साध्या काचेतून नुसता माणूस बघतो, माझ्यातून गाडीसुद्धा बघते, याची मला तेव्हा भारी ऐट होती.

गाडी घेतली एका मास्तरांनी. शाळेचे मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. उभा जन्म त्यांनी शिकाऊ गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून काढला होता. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की, आमच्या गाडीत शेजारी बसले आणि पुढे सिग्नल दिसला की त्यांचा पाय आपोआप खालची चटई दाबायचा.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये," गाडी चालवणारी मुलगी म्हणायची.

"ते माझ्या पायाला सांग. माझं कोण ऐकतंय?" मास्तर म्हणायचे.

मागच्या सीटवर बसलेली तिची आई हसायची. हे रोजचेच होते, तरी ती रोज हसायची.

मुलगी तिशीची होती आणि एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांच्या हाडांतले तडे बघणारी ही मुलगी गाडीला मात्र घाबरायची. जगाला गाडी शिकवणाऱ्याची लेक आणि तिला रस्त्याच्या कडेचा अंदाज येईना. गाडी कडेला घासेल या धास्तीने ती रस्त्याच्या मधोमध चालायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवायचे. मग एका सुट्टीच्या सकाळी मास्तरांनी गाडी मोकळ्या मैदानात नेली. तिला सीट नीट लावून बसवले, स्वतः खाली उतरले आणि इशारे करत करत गाडी जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेपासून हवी तेवढ्या अंतरावर आणवली. पुढच्या चाकाशी उभे राहून ते म्हणाले, "आता हलू नकोस. ती रेघ तुला काचेवर कुठे येऊन भिडलेली दिसते? बोट ठेव."

तिने माझ्यावर बोट ठेवले. मास्तर आत आले, खिशातून वायरमन वापरतात ती निळी चिकटपट्टी काढली आणि नखाएवढा तुकडा बरोबर त्या जागी लावला.

"ही तुझी खूण. मी बसलो तर मला ती चुकीची दिसेल, तुझ्या आईला तर फारच चुकीची. ही फक्त तुझ्या डोळ्यांची आहे. रेघ पट्टीवर ठेवायची, गाडी आपोआप जागेवर राहते."

"किती दिवस ठेवायची?"

"नको वाटेल तेव्हा काढ."

त्यानंतर तिचा हात बसला. सुट्टीच्या दिवशी मास्तर मला ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या फडक्याने, आणि पट्टीच्या कडेकडेने तर अगदी जपून. माझ्यावर दुसरे काहीही चिकटवलेले त्यांना खपायचे नाही. काच म्हणजे गाडीचा डोळा, तिथे काटकसर नको, असे म्हणून त्यांनी विम्यात काचेसाठी वेगळे पैसेही भरले होते. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस म्हणाल तर ते हेच.

मग मास्तर गेले. घरात, बसल्या जागी, हातातला चहा संपायच्या आत. गाडी तेव्हा खाली चार्जिंगला लावलेली होती, म्हणून मी काही पाहिले नाही.

त्यानंतर मला दिसायचा तो मुलीचा चेहरा. मी तिच्या अगदी समोर होते, तिच्या डोळ्यांत पाणी आले असते तर मला कळले असते. आले नाही. ती सकाळी दवाखान्यात जायची, संध्याकाळी परत यायची, रेघ पट्टीवर ठेवायची. आई कुठे यायची असली की मागेच बसायची. पुढची सीट रिकामी असायची आणि तिच्याबद्दल कोणी बोलायचे नाही. दोघी तोंडात गुळणी धरून बसल्यासारख्या असायच्या. मी मुळात आवाज अडवणारी काच, पण आता अडवायला आतून आवाजच येत नव्हता. विम्याची मुदत संपत आली तेव्हा मास्तरांच्या जुन्या फोनवर संदेश आला. मुलीने पैसे भरून टाकले. नाव मास्तरांचेच राहिले. बदलायचे राहून गेले, असे कोणी म्हणेल. पण मी तिला तो संदेश वाचताना पाहिले आहे. ते राहून गेलेले नव्हते.

एकदा पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टचकन माझ्यावर बसला. बरोबर निळ्या पट्टीसमोर, बाहेरच्या बाजूने. डाळीच्या दाण्याएवढा टवका उडाला. मुलीने मला याच वर्कशॉपमध्ये आणले. काचवाल्याने वाकून पाहिले, बोट फिरवले आणि तो खूश झाला.

"वेळेवर आलात ताई. यात डिंकासारखं औषध भरतो, अर्ध्या तासाचं काम. विमावाले एवढ्याचे पैसे काही न विचारता देतात. फक्त आतून आरसा लावून बघावं लागतं, तेवढी ही पट्टी काढतो."

"पट्टी नका काढू."

"अहो, चिकटपट्टी तर आहे. नवी लावा नंतर."

"राहू द्या," ती म्हणाली आणि गाडी फिरवली.

टवका तसाच राहिला. मी काही दिवस धरून ठेवले. मग कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी मुलीने माझ्यावर गरम हवा सोडली. आतून ऊब, बाहेरून गारठा. टवक्यातून तड्याची एक रेघ निघाली आणि सावकाश वर चढत थेट कॅमेऱ्यापर्यंत गेली. गाडी पीं पीं करू लागली. गाडीतल्या स्क्रीनवर इशारा आला की कॅमेऱ्याला समोरचे नीट दिसत नाही. मुलीने तो बंद केला. तिचा चेहरा तसाच होता.

आता काच बदलण्यावाचून इलाज नव्हता. वर्कशॉपने खर्च सांगितला तेव्हा आईचे डोळे पांढरे झाले. मुलीच्या दोन पगारांएवढा आकडा होता. माझी किंमत वेगळी, डिंकाची वेगळी, आणि कॅमेऱ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवण्याची तर माझ्या निम्म्याने. पण काचवाला म्हणाला, "तुमच्याकडे काचेचा वेगळा विमा आहे. तुमच्या खिशातून जवळजवळ काही जाणार नाही."

विमा कंपनीचा फोन गाडीतच आला. गाडीच्या स्पीकरवर एका मुलीचा गोड आवाज घुमला. "क्लेमसाठी गाडीमालकांची संमती लागेल. सरांना फोन देता का?"

"ते बाहेर गेलेत," आमची मुलगी म्हणाली.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"मग मी उद्या करू?"

"करा."

मागे बसलेली आई खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. सर अजून बाहेरच होते. तिसऱ्या वेळी ती बिचारी म्हणाली, "मॅडम, सर नसतील तर त्यांची फक्त सही घेऊन पाठवा ना. तेवढ्यावरसुद्धा काम होईल."

एक सही, आणि माझे सगळे पैसे मिळाले असते. मास्तरांची सही तिला डोळे मिटून करता आली असती. तिचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला. तेवढ्यात मागून आई पुढे वाकली.

"अगं बाई, ते वारले. दीड वर्ष झालं."

गाडीत इतकी शांतता झाली की एरवी मला तिचा अभिमान वाटला असता. मग स्पीकरमधला आवाज हळू झाला. त्या मुलीने आधी माफी मागितली आणि मग नियम सांगितला. वारसाने मुदतीत नाव बदलून घ्यायला हवे होते. तसे न करता विमा पुढे चालवला, म्हणून क्लेम मंजूर होणार नाही. पूर्ण खर्च तुम्हालाच करावा लागेल.

फोन बंद झाल्यावर मुलगी म्हणाली, "कशाला सांगितलंस आई?"

"कोणीतरी सांगायला हवं होतं ना. तू सांगत नव्हतीस. मी सांगत नव्हते. माणूस बाहेर गेलाय म्हणत किती दिवस काढायचे?"

त्या आठवड्यात मुलीने मास्तरांच्या मृत्यूचा दाखला देऊन गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज केला. नव्या काचेसाठी साठवणीतले पैसे मोडले. पैसे गेले याचे तिला काही वाटलेले दिसले नाही. मला काढायच्या सकाळी मात्र ती वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर बसून राहिली. नखाने पट्टीची कड उचलून पाहिली. पट्टी फाटू लागली, तशी तिने हात मागे घेतला. "असू दे तिथेच," ती काचवाल्याला म्हणाली.

मला पातळ तारेने डिंकातून कापून सोडवले आणि इथे आणून टेकवले. समोरच गाडी होती, त्यामुळे पुढचे सगळे मला दिसले. नवी काच बसली. स्वच्छ, कोरी, माझ्यासारखीच. मग गाडीसमोर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा फळा ठेवला आणि कॅमेऱ्याला शिकवणी लागली. सरळ कुठे, कड कुठे, सगळे पहिल्यापासून. ते बघताना मला मास्तरांची आठवण झाली. कॅमेरा तेवढा प्रश्न विचारत नव्हता.

काम संपल्यावर मुलगी चालवायला बसली आणि बसूनच राहिली. अंगणाच्या जमिनीवर गाड्या लावायची पांढरी रेघ आहे. ती रेघेकडे बघायची आणि मग काचेवर काहीतरी शोधायची. आई खाली उतरली. जिला आयुष्यात कधी गाडी चालवता आली नाही, ती चालत जाऊन पुढच्या चाकाशी उभी राहिली, थेट मास्तर उभे राहिले होते तशी. तिच्या हातात निळी पट्टी होती. मास्तरांच्या कपाटातून आणली असणार.

"सांग," ती म्हणाली. "कुठे दिसते?"

मुलीने नव्या काचेवर बोट ठेवले. न शोधता, बरोबर त्याच जागी. आणि तिचा चेहरा मोडला. दीड वर्ष मी जे बघायला समोर बसले होते, ते मी गेल्यावर नव्या काचेच्या वाट्याला आले. ती रडली, अगदी हमसून रडली. आई तिथेच उभी राहून तिच्याबरोबर रडली. काचवाला हातातले फडके उगाच घडी घालत राहिला.

"पट्टी नको," शेवटी मुलगी म्हणाली. "मला दिसतंय, आई. तशीच दिसतेय रेघ."

आईने पट्टी पिशवीत टाकली. मागचे दार उघडायला गेली, थांबली, आणि पुढे येऊन बसली. खिडक्या उघड्या होत्या. गाडी आवाज न करता निघाली. फाटकाशी एक सायकलवाला आडवा आला, गाडी हळू झाली आणि मला मुलीचा आवाज ऐकू आला.

"आई! तिथे ब्रेक नाहीये."

मग दोघी हसल्या. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मित्रांनो, माझे तुकडे करून पडदा वेगळा काढतील तेव्हा काढतील. तोवर मी इथे आहे, आणि ती निळी पट्टी अजून माझ्यावर आहे. तुमच्याकडे एक मागणे मागते. टवका उडाला की तो लहान असतानाच कोणाला तरी दाखवा. न फुटता, न सांडता बसून राहणे आम्हा काचांना जमते. तुम्ही ते करू नका.