कारंजं झालेल्या हौदाची कैफियत

मित्रांनो, माझ्या अंगावर निळ्या टाइल्स दिसतात, मधोमध तीन तोट्यांचं कारंजं दिसतं आणि मागे झगमगत्या अक्षरांत गावाचं नाव दिसतं. त्याला भुलू नका. मी एक जुना दगडी हौद आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, शेळ्यांच्या बाजारतळावर माझं सगळं आयुष्य गेलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेऊन तक्रार केली की काय होतं, ते समोरच्या नगरपंचायतीच्या कार्यालयातून मी पुष्कळदा ऐकलेलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात पाथरवटांनी मला घडवलं. माझा काठ ठेंगणा आहे. पाथरवटानं एक करडू आणवून माझ्यापाशी उभं केलं, त्याचं तोंड कुठवर पोचतं ते पाहिलं आणि मगच शेवटचा थर बसवला. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. बाजाराच्या आदल्या दिवशी पंचायतीचा माणूस मला राखेनं घासायचा आणि नळ सोडून काठोकाठ भरायचा.

दर मंगळवारी पाटोद्याच्या डोंगरांतून शेळीवाले यायचे आणि माजलगावकडून व्यापारी. या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. दहा-बारा किलोमीटर चालून आलेल्या शेळीचं पोट खपाटीला जातं. पाणी प्यायली की तिची कूस भरते, अंग तुकतुकीत दिसतं. व्यापारी आधी कुशीवर हात ठेवतो आणि मग भाव बोलतो. म्हणजे गरिबाच्या शेळीचा भाव माझ्या पाण्यावर ठरायचा. ही माझी फुशारकी नाही. बायडाबाई हे स्वतः सांगायची.

बायडाबाई म्हणजे धनगराची साठीची बाई. नवरा गेल्यावर वीस-बावीस शेळ्यांवर तिनं दोन मुली उजवल्या. बाजारादिवशी ती माझ्या काठावर टेकायची आणि व्यापाऱ्याला दरडावायची, "पानी पिऊ द्या की आदी! यवडी घाई कावून करायलाव?" मला ती फार आवडायची.

पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पाटी मोठी झाली, तसं माझ्याकडे लक्षही जास्त जाईल असं मला वाटलं होतं. माझा नळ तुटला तो तुटलाच. बायडाबाई आणि बाकीचे हापशावरून घागरी आणून मला भरू लागले. तरी तक्रार नव्हती. बाजार तर भरत होता.

नगरपंचायतीचं कार्यालय माझ्यासमोरच आहे. कूलर बंद पडला की सभागृहाच्या खिडक्या उघडायच्या आणि आतलं सगळं मला दिसायचं, ऐकू यायचं. अशाच एका सभेत नगराध्यक्ष बबनराव म्हणाले, "गावाच्या मधोमध लेंड्या आन् घान वास. पाव्हनेरावळे नावं ठेवत्यात. बाजार बायपासच्या पल्याड नेऊ आन् हितं सेल्फी पॉइंट करू. धंदा वाढंल, लोकायला रोजगार मिळंल." एकानं सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. बायपासपलीकडे पाणी आहे का, हे एकाही सदस्यानं विचारलं नाही.

लोकांच्या हरकती मागवल्या पाहिजेत, असा नियम आहे. म्हणून सोमवारी शिपाई लखन गव्हाच्या पिठाची खळ घेऊन आला. "शेळीवाल्यायच्या डोळ्यापुडंच असावी," असं पुटपुटत त्यानं नोटीस माझ्याच अंगावर चिकटवली, मोबाइलवर फोटो काढला आणि निघून गेला. लखन काही वाईट माणूस नाही. त्याच्या मनात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. बायडाबाईची तांबडी शेळी पाणी पिऊन झाल्यावर तो कागद चाटू लागली. खळीचा वास आला की शेळी कुठली सोडते? एक कोपरा सुटला, मग निम्मा कागद तिच्या तोंडात गेला.

"आत्या, कागद खायलीय बघा तुमची शेळी," कोणीतरी म्हणालं.

"खाऊ दे," बायडाबाई हसली. "इलेक्शनचा असंल कुनाचा तरी."

मित्रांनो, तेव्हा मी जितका तळमळलो तितका कोरड्या उन्हाळ्यातही तळमळलो नाही. तिच्या बाजाराचा निकाल त्या कागदावर होता, आणि मला तोंड नव्हतं.

महिना उलटला आणि जेसीबी आला. बायडाबाई चार शेळीवाल्यांना घेऊन तरातरा सभागृहात शिरली. त्या दिवशीही खिडक्या उघड्या होत्या.

"आमाला न इचारता कसा काय उठिवता बाजार?"

"इचारलं की," बबनराव शांतपणे म्हणाले. "नोटीस लावलती. तीस दिवस मुदत व्हती. एक बी हरकत आली न्हाई."

लखननं मान खाली घालून मोबाइलमधला फोटो पुढे केला. बायडाबाईनं फोटोतला कागद ओळखला.

"ह्यो कागद तर माज्या शेळीनं खाल्ला," ती म्हणाली.

"मग शेळीची बी हरकत न्हाई म्हना!" एक नगरसेवक ओरडला, आणि सगळं सभागृह खो खो हसलं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

बाजार बायपासपलीकडच्या माळावर गेला. तिथे ना हौद, ना हापसा. तहानलेल्या शेळ्यांच्या कुशीवर हात ठेवून व्यापारी भाव पाडू लागले. बायडाबाईनं दिवाळीच्या आत सगळ्या शेळ्या पडेल भावानं विकल्या. इकडे माझ्यावर टाइल्स बसल्या. उद्घाटनाला टँकरचं पाणी आणून कारंजं उडवलं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून मी कोरडा आहे. बबनरावांनी कबूल केलेला रोजगार मात्र खरोखर मिळाला. सफाईच्या ठेकेदाराकडून बायडाबाई माझ्याभोवती झाडू मारायला लागली.

परवा लखननं समोरच्या भिंतीवर नवा कागद चिकटवला. कॉलेजची पोरं त्याच भिंतीला टेकून फोटो काढत होती. कोणीही वळून पाहिलं नाही. बायडाबाई झाडता झाडता त्या कागदापुढे थांबली आणि तिनं शाळेतून येणाऱ्या ऋतुजा नावाच्या मुलीला हाक मारली.

"माय, यवडं वाचून दाव मला."

ऋतुजानं वाचून दाखवलं. भाजीवाल्या बायकांना रस्त्यावरून हलवायचं ठरलं होतं. हरकत घ्यायला सात दिवस उरले होते.

"आजी, तुम्ही भाजी विकता का?"

"न्हाई माय. मी शेळ्या विकत व्हते," असं म्हणून बायडाबाईनं झाडू माझ्या काठाला टेकवला आणि ती भाजीबाजाराकडे चालू लागली. थोड्या वेळानं ठेकेदाराचा मुकादम आला. अर्धवट झाडलेलं पाहून त्यानं शिव्या घातल्या. काल झाडायला दुसरीच बाई आली.

भाजीवाल्यांनी तिचं ऐकलं की नाही, हरकत लिहून दिली की नाही, मला कळलेलं नाही. कार्यालयात आता एसी बसला आहे आणि खिडक्या कायमच्या बंद आहेत.

मित्रांनो, तुम्ही फोटो काढायला माझ्यापाशी येता. माझ्या टाइल्स पुसा, इथे कचरा टाकू नका, असं मी सांगत बसणार नाही. भिंतीवरचा कागद तेवढा वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. अजून पाच दिवस आहेत. मी दगड आहे. मला वाचता येत नाही आणि जागचं हलताही येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं.