शेवटापर्यंत फिरलेलं चक्र

मित्रांनो, माझ्या पाठीवर अंगठ्याखाली एक काळं बटण आहे. त्याच्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली, कारण पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच माणसाचा अंगठा तिथे टेकत आला आहे. मी एक जुना कॅमेरा आहे, खेळाचे फोटो काढणारा. तो अंगठा रायपूरच्या भनपुरीत राहणाऱ्या धर्मपाल मेश्रामांचा. रेल्वेच्या कारखान्यात ते फिटर होते आणि सुट्टीचा दिवस मैदानावर काढायचे.

मी त्यांच्या घरी आलो तेव्हा नवाकोरा होतो आणि चांगलाच आगाऊही. कबड्डीची खेळाडू चढाईला निघाली की मी तिला नेमकं धरायचो, पण मधून पंच गेला की तिला सोडून त्याच्या शर्टाला चिकटायचो. "काहून बे, तुले पंचच दिसते का?" धर्मपाल मला दटावायचे. माझ्याशी ते असंच बोलत. एका रविवारी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक सेटिंग लावली. फोकस पळत्या माणसासोबत सतत चालत राहील असा ठेवला. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं, म्हणजे उडालेली मातीसुद्धा हवेत थांबेल. आणि मधे कोणीही आलं तरी पहिल्याला पटकन सोडायचं नाही, हे मला पढवलं. "ज्याले धरलं त्याले धरून ठेव, बस!" मी ते कधी विसरलो नाही.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भीमजयंतीला मुलींची कबड्डी असते. अंतिम सामन्यातल्या शेवटच्या चढाईचा फोटो बुद्धविहाराच्या भिंतीवर लागतो. पहिल्या चौदा वर्षांचे चौदाही फोटो माझे. "धर्मपालभाऊ, कॅमेरा जबरदस्त आहे तुमचा!" असं कोणी म्हटलं की मी फुलून जायचो. कौतुक मला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू?

आता एक मनातली गोष्ट सांगतो. माझ्या ज्या खिडकीतून बघतात, तिच्याशेजारी एक लहानसं चक्र आहे. बघणाऱ्याच्या डोळ्याचा नंबर त्याने जुळवता येतो. मागच्या वर्षापर्यंतची दोन वर्षं धर्मपाल ते चक्र दर थोड्या दिवसांनी किंचित फिरवत होते, तेही आजूबाजूला कोणी नसताना. त्यांचा डोळा अंधुक होत चालला होता. पण फोकस मी लावत असल्यामुळे फोटो चोख यायचे, आणि फोटो चोख यायचे म्हणून घरात कोणाला काही कळत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

मागच्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांची मुलगी नीलिमा कर्णधार होती. दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि शेवटची चढाई तिची. फोकसचा चौकोन तिच्यावर ठेवला असं धर्मपालांना वाटलं. तो पडला होता मागे उभ्या असलेल्या पंचावर. अंगठ्याखालचं फोकसचं बटण दाबलं गेलं आणि मी, पढवल्याप्रमाणे, पंचाला घट्ट धरून बसलो. नीलिमाने गडी बाद करून मध्यरेषा गाठली, मैदानात एकच जल्लोष झाला. माझ्या पडद्यावर मात्र पंचाच्या शर्टाचं एकेक बटण लख्ख दिसत होतं आणि नीलिमा धूसर होती.

"कॅमेरा गेला," धर्मपाल घरी येऊन म्हणाले.

"अवो, कालपर्यंत तं चांगला होता!" त्यांच्या पत्नी सरिताताई म्हणाल्या.

"गेला म्हणलं ना! जुना झाला तो."

बॅटरी काढून त्यांनी मला कपाटात ठेवलं. भिंतीवरची पंधरावी जागा रिकामी राहिली. मी फुगून बसलो होतो, कारण दोष माझा नव्हता. पावसाळ्यात माझ्या लेन्सला बुरशी धरली. पण दाराआडून ऐकू यायचं की धर्मपाल आता मैदानाकडे फिरकतही नाहीत, आणि माझा राग कुठल्या कुठे जायचा.

ऑक्टोबरात नीलिमाने मला बाहेर काढलं आणि शंकर नगरातल्या शेखर भैयांकडे दुरुस्तीला नेलं. त्यांनी बुरशी पुसली, रस्त्यावरच्या गाड्यांचे चार फोटो काढून बघितले.

"दीदी, फोकस तो एकदम बढ़िया है. पर ये नंबर वाला चक्का कौन घुमाता है? आखिरी तक घुमा हुआ है. मुझे तो अंदर कुछ दिखा ही नहीं."

नीलिमाने खिडकीला डोळा लावला. तिला समोरचा रस्ता नुसता धुक्यात दिसला. माझं चक्र ज्याच्या डोळ्यासाठी फिरलं होतं, तो डोळा तिला ठाऊक होता. दुकानातल्या स्टुलावर बसून ती रडली.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, कॅमेरा ठीक है. तुमचा डोळा दाखवायचा आहे."

धर्मपाल म्हणाले, "मले भेव वाटून राहिलं होतं, बाई. तुमाले समजलं असतं तं कॅमेरा हाती घेऊ दिला नसता."

"छीन लेती क्या मैं?" ती रडता रडता हसली.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, डोळा बरा झाला, आणि धर्मपालांनी मला मागून घेतलं. चक्र उलटं फिरवत त्यांनी मधोमध आणलं आणि मला नीलिमाकडे वळवलं.

"हनुवटीवर ही खूण कधी लागली तुले?"

"दो साल हो गए, बाबा."

त्यांनी अंगठा माझ्या बटणावर टेकवला आणि त्या खुणेवर फोकस धरला.

यंदाच्या जयंतीला शेवटच्या चढाईचा फोटो आम्ही दोघांनी झकास काढला. तो सोळाव्या जागी लागला. पंधराव्या जागी धर्मपालांनी आपल्या हाताने तोच मागच्या वर्षीचा पंचाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मागच्या साली मले असं दिसत होतं, आन मी कोणाले सांगतलं नाही.'

मित्रांनो, आम्हा वस्तूंची धूळ पुसा, पावसाळ्यात आम्हाला कोरडं ठेवा, हे तर मी सांगणारच. पण घरातलं मोठं माणूस चांगल्या वस्तूला उगाच बिघडली म्हणू लागलं, तर त्या माणसाजवळही जरा बसा.

त्या फोटोची मला फार लाज वाटायची. परवा एक आजोबा त्याच्यासमोर खूप वेळ उभे होते. लोक हसून पुढे जात होते, ते हलेनात. मग त्यांनी नातीचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "मलेही असंच दिसते वो."