दाराच्या कप्प्यातला चाकू

चाकू. वीतभर, नारिंगी मुठीचा. नावाड्याचा.

नावाडी म्हणजे हौशी लोकांना खळाळत्या नदीतून रबरी नावेत बसवून नेणारा. नाव उलटली, दोरात कुणाचा पाय अडकला, तर कापायला चाकू. पाय नव्हे, दोर. एवढं सासऱ्यांना लग्नापासून समजावून झालं होतं.

"आधी लोकांना बुडवायचं, मग वाचवायचं. छान धंदा!"

आज दोघं एकाच मोटारीत होते, आणि चालले होते कोर्टात. सासऱ्यांच्या मुलीची आणि नावाड्याची काडीमोडाची तारीख. सासऱ्यांची गाडी ऐनवेळी रुसली, म्हणून ही, जावयाची. वाटभर टोमणे: "जरा दामटा की! लग्न मोडायला तरी वेळेवर पोचू."

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. झडती. सासऱ्यांच्या बाजूच्या दाराच्या कप्प्यातून हवालदाराने चाकू उचलला.

तिथून?

नावाड्याने तो डिकीतल्या पेटीत, कुलपात ठेवला होता. नेहमीसारखा. कायदा त्याला पाठ होता: कामाचं हत्यार कामाच्या सामानात, हाताला लागणार नाही असं. हाताशी सापडलं आणि माणसावर चालवायचा इरादा निघाला, की गुन्हा. गुन्हा नोंदला की नदीवरचा परवाना रद्द. परवाना रद्द झाला, की—

"कोणाचा?"

"माझा. पण मी तो मागे—"

"मग पुढे कसा आला?"

पेट्रोल भरताना डिकीतून शाल काढायची म्हणून किल्ल्या कोणी मागून नेल्या होत्या? नावाड्याने वळून पाहिलं.

"मी काढला," सासरे म्हणाले.

म्हातारा चक्क आपली बाजू घेतोय? नावाड्याचा कानांवर विश्वास बसेना.

"कशाला, आजोबा? सफरचंद कापायला?" हवालदाराने उत्तर आयतं हातात ठेवलं होतं.

"सफरचंद कसलं! या जावईबापूंसाठी. रस्ता सुनसान, यांचं डोकं गरम. अंगावर आले असते तर खुपसला असता! लिहून घ्या. माणूस किती भयंकर आहे ते कोर्टाला कळू दे."

हवालदार लिहायचं सोडून बघत राहिला. "आजोबा, हे यांच्यावर जात नाही. तुमच्यावर जातं. काढला तुम्ही, इरादा तुमचा."

सासऱ्यांनी शब्द मात्र मागे घेतला नाही. तो त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता.

हवालदाराला लिखापढीचा कंटाळा असावा. तो नावाड्याकडे वळला. "थट्टा करतायत ना?"

एक 'हो' पुरलं असतं. चहा पिऊन दोघं वाटेला लागले असते.

"नाही," नावाडी म्हणाला. "ते थट्टा करत नाहीत."

"खाली उतरा, आजोबा."

सासरे उतरले. शाल सावरली. "माझ्या पोरीला काय सांगाल?"

"तुम्ही सांगितलंत तेच, बाबा. शब्द न् शब्द."